थंडीतला हमूर आणि मामांची अट

सीब, मस्कत
रविवार, २४ जानेवारी २०१६

तीर्थरूप मामांच्या पायांवर जावई देवेश याचा समुद्रापलीकडून दंडवत.

आम्ही उभयता धडधाकट आहोत. तुमची खुशाली तृप्ती रोज फोनवर विचारते आणि तुम्ही रोज "बरं आहे, ठेव आता, बिल येतं" म्हणून फोन ठेवता (बिल आम्हाला येतं, तुम्हाला नाही, हे तिने शंभरदा सांगून झालं). त्यामुळे तुमचा गुडघा उतरला की चढला, खोकल्यावर अडुळसा घेताय की नुसताच खोकताय, काही म्हणजे काही कळत नाही. म्हणून हे पत्र. आमच्या कंपनीतला रमण सुट्टीवर मंडणगडला निघालाय, तो बाणकोटला येऊन तुमच्या हातात देईल. पत्राला काही "ठेव आता" म्हणता येत नाही.

आता मुद्दा. मामी गेल्याला दोन वर्षं होतील. तेव्हापासून तुमची लेक तुम्हाला महिनाभर इकडे या म्हणून विनवतेय आणि तुमचं आपलं कधी कौलं परतायची असतात, कधी कोंबडी अंड्यांवर बसलेली असते. शेवटी या दिवाळीला ओटीवर आठ माणसं बसलेली असताना तुम्ही जाहीर केलंत, की जावयाने तिकडच्या समुद्रातून स्वतः गरवून एक मासा काढावा, त्या दिवशी हा शिवराम विमानात बसेल. बाजारातला मासा खायला परदेश कशाला? आठही माणसं हसली. का हसली ते मला समजतं. मी माणदेशातला. आमच्या गावात पाणीच टँकरने येतं, त्यात मासा कुठला यायला? पण तृप्ती हसली नाही. ती उठून आत गेली आणि घासलेलीच भांडी पुन्हा घासत बसली. ते पाहून माझं डोकं सटकलं. म्हटलं, काढतोच आता मासा, मग बघू म्हातारा कसा येत नाही ते. (म्हातारा हा शब्द रागाच्या भरातला आहे, तसाच वाचून सोडून द्यावा.)

आमचा धंदा एसीचा. इथे जानेवारीत लोक एसी बंद करून खिडक्या उघडतात, आणि कंपनी आम्हाला जुन्या मशीनच्या जाळ्या धुवायला बसवते. तेव्हा शुक्रवार मोकळा. मी कामाला शास्त्रशुद्ध लागलो. इंटरनेटवर एक अमेरिकन गृहस्थ आहेत. थंडीत "बास" नावाचा मासा कसा हुडकावा यावर त्यांची बेचाळीस व्याख्यानं आहेत, ती मी सगळी पाहिली. बास म्हणजे आपल्या जिताड्याचा चुलतभाऊ समजा. मग रुवीच्या बाजारात जाऊन सामान आणलं: काठी, चाकाचं रीळ, चकाकी लावलेली जांभळी रबरी गांडुळं आणि पाय हलवणारा एक रबरी बेडूक. किंमत विचारू नका, तृप्तीनेही विचारलेली नाही, नुसतं बघितलंय. आता मस्कतच्या खाऱ्या पाण्यात बेडूक कुठून येणार, हे इथल्या माशांना ठाऊक आहे, मला दुकानात सुचलं नाही.

पहिल्या शुक्रवारी पहाटे स्वेटर, कानटोपी घालून निघालो. गरवायला निघालेल्या माणसाला "कुठे चाललास" विचारू नये, विचारलं की मासा लागत नाही, हे तुमचं वाक्य पक्कं लक्षात होतं. म्हणून लिफ्ट सोडून जिन्याने उतरलो. तर खालच्या मजल्यावरच्या रशीदाभाभी दूध घ्यायला दार उघडून उभ्या. "सुबह सुबह कहाँ, देवेशभाई?" झालं! परत वर गेलो, पाणी प्यायलो, पाच मिनिटं बसलो, पुन्हा उतरलो. आता गेटवरचा वॉचमन. त्याने अरबीत विचारलं. हिंदीत आणि अरबीत विचारलं तरी दोष लागतो का, हे तेवढं कळवावं, कारण त्या दिवशी लागला.

अमेरिकन गृहस्थांचं पहिलं सूत्र असं, की पाण्याचं तापमान मोजल्याशिवाय गळ टाकू नये. तर मी कामावरचा थर्मामीटर आणला होता, ज्याची लांब वायर आम्ही एसीच्या पाइपात घालतो. सीबच्या धक्क्यावरच्या दगडांवर पालथा पडून वायर समुद्रात सोडली. तेवीस! त्यांच्या कोष्टकात तेवीसला भर उन्हाळा लिहिलाय, मासा उड्या मारतो म्हणे. आणि इकडे माझे दात वाजतायत. आता कोष्टक खरं की दात खरे? एवढ्यात मागे एक म्हातारे ओमानी येऊन उभे राहिले. मुस्तफा त्यांचं नाव, सगळं आयुष्य होडीवर काढलेले, आता पोरं होडी चालवतात आणि हे धक्क्यावर बसून दोरीने मासे काढतात. माझ्या थर्मामीटरवर एसी कंपनीचं नाव वाचून त्यांनी आपल्या मोडक्या हिंदीत अगदी काळजीने विचारलं, समुंदर का गॅस कम हो गया क्या?

दुसऱ्या शुक्रवारी मात्र लागला. काठी वाकली ती अशी वाकली की माझी छाती भरून आली. मी ओरडलो, तशी माणसं जमली. कॉफी पिणारी ओमानी पोरं, दोन केरळी, पाच बंगाली. सगळे "यल्ला यल्ला" करतायत, कोणी मला कमरेला धरलंय, कोणी फोनवर फिल्म काढतंय. वीस मिनिटं झुंज चालली, मामा. हाताला फोड आले. मग मुस्तफाचाचांनी चहा संपवला, सावकाश उठून आले, दोरीला दोन बोटं लावली आणि म्हणाले की तो दगड आहे, त्यांच्या आजोबांच्या वेळेपासून तिथेच आहे, आणि त्याला सोडून दे. रीळ तेव्हाच गेलं. तसंही खाऱ्या पाण्याने गंजून ते पिठाच्या गिरणीसारखं वाजत होतं. बेडूक दगडाकडेच राहिला.

तिसऱ्या शुक्रवारचं सांगताना मान खाली जाते, पण तुमच्यापासून काय लपवायचं! मी धक्क्यावर गेलोच नाही. सरळ सीबच्या मासळी बाजारात गेलो, एक बरासा हमूर घेतला (म्हणजे आपलं हेकरू), त्याच्या ओठात गळ अडकवला आणि रशीदाभाभींच्या नवऱ्याकडून फोटो काढून घेतला. मासा वर धरलेला, मी हसतोय, मागे समुद्र. फोटो झकास आला. तृप्तीने तो एकदाच पाहिला. म्हणाली, बाबा डोळा बघून सांगतील हा किती वाजता मेला आणि बर्फात किती तास होता; वर म्हणतील, जावई खोटारडा निघाला. मग तिने तो मासा तळला. आम्ही खाल्ला. मामा, तुमच्या लेकीचं ओरडणं परवडलं, पण गप्प बसणं नको.

आणि आता ज्यासाठी एवढी शाई घालवली ते. परवाच्या शुक्रवारी, बावीस तारखेला, दुपारी सव्वादोन वाजता, सीबच्या धक्क्यावर, अडीच किलोचा जिवंत हमूर गळाला लागला आणि वर काढण्यात आला. मुस्तफाचाचा साक्षीदार आहेत. फोटो सोबत जोडला आहे. डोळा नीट बघून घ्यावा, पाहिजे तर भिंग लावा. माशाचं डोकं तृप्तीने चिंच घालून केलं आणि तुमच्या नावाने पहिला घास बाजूला काढून ठेवला.

तेव्हा अट पुरी झाली आहे. आठ माणसांसमोर दिलेला शब्द आहे. बारा फेब्रुवारीचं तिकीट काढलंय, व्हिसा झालाय, कागद रमणकडे आहेत. शिमग्याला पालखी घरी यायच्या आत तुम्हाला परत पोचवतो, ते माझ्याकडे लागलं. कौलं मेपर्यंत पडत नाहीत. कोंबड्या शेजारच्या नयनावहिनी बघतील, त्यांच्याशी तृप्तीचं बोलणं झालंय. थंडीत छातीला जपा. इथली हवा कोरडी, खोकल्याला फार चांगली.

तुमचा आज्ञाधारक (आणि आता मच्छीमार) जावई,
देवेश

ता. क. फोटोत दोरी तृप्तीच्या हातात दिसते आणि मी मागे जाळी घेऊन उभा दिसतो. ती दोरी मी तिला फोटोपुरती धरायला दिली होती. माझा हात दुखत होता.

ता. क. दुसरा. रमणला यायला उशीर आहे, आणि वरचा ता. क. पुन्हा वाचला तर मलाच पटेना. तर खरं लिहितो. मासा मी काढला नाही. तृप्तीने काढला.

झालं असं. परवा मी पुन्हा पहाटेच निघालो होतो, तर तिने कानटोपी काढून घेतली आणि म्हणाली, थंडीत मासा सकाळी जड असतो, दुपारी ऊन खाल्लेल्या दगडांशी येतो, जेवून जाऊ. मी म्हटलं, तुला गं काय ठाऊक? तिने कानटोपी खुंटीला अडकवली. दुपारी माझ्याबरोबर आली. मुस्तफाचाचांकडून साधी हाताची दोरी मागून घेतली, कोळंबी लावली, दगडांच्या कपारीशी सोडली आणि बोटाला एक वळसा देऊन बसली. रबरी गांडुळाकडे ढुंकूनही बघितलं नाही. मी मध्ये दोनदा विचारलं, हलवत का नाहीस? म्हणाली, थंडीत तो घाई करत नाही, आपणही करायची नाही.

हे ती कुठे शिकली, मामा? शाळेत असताना ती रोज तुमचा डबा घेऊन खाडीवर यायची. मुलीने दोरी ओलांडली की मासा फिरकत नाही म्हणून तुम्ही तिला बांधावरच उभं करायचात. ती बांधावरून बघत राहायची. तुम्ही हात कधी थांबवता, कधी सोडता, पौषात कुठल्या दगडाशी बसता, सगळं. एवढी वर्षं तिने कोणाला सांगितलं नाही. मलाही परवाच सांगितलं, आणि पुढे बजावलं, बाबांना लिही की तूच काढलास, नाहीतर अट मोडली म्हणतील आणि येणार नाहीत.

तर मी तिचं ऐकलं नाही. अट मोडली आहे. जावयाच्या हातून मासा निघालेला नाही, आणि माझं लक्षण बघता निघेल असंही वाटत नाही. तुम्ही घरी बसायला मोकळे आहात. पण एक सांगायचं राहिलं, ते सांगून पाकीट बंद करतो. दोरीला हिसका बसला तेव्हा ती ताडकन उभी राहिली आणि सगळ्या धक्क्याला ऐकू जाईल अशी ओरडली, "बाबाऽ, लागला!" मी शेजारीच होतो, हातभर अंतरावर, जाळी घेऊन. हाक तुम्हाला मारली. मासा वर आल्यावर तिच्या लक्षात आलं, आणि मग ती दगडावर बसून रडली. मुस्तफाचाचांना वाटलं, बोट कापलं.

या, मामा. तिच्या शेजारी एक दुपार बसा. तिकीट रमणकडे आहे.