देवघरातला लॅपटॉप

जिंतूर,
कोजागिरीनंतरचा रविवार

प्रिय ज्ञानेश्वरी,

अनेक आशीर्वाद. सृष्टीला माझा पापा दे आणि तुझ्या आईला नमस्कार सांग. परवा तुझा फोन आला तेव्हा दुकानात गर्दी आहे, मग करते, असं म्हणून मी ठेवला आणि मग केलाच नाही. काल पुन्हा आला तो उचललासुद्धा नाही. तू म्हणाली असशील, अक्काला एवढी कसली मस्ती आलीय. मस्ती नाही गं. दोन शब्द बोलले असते तरी तू आवाजावरून ओळखलं असतंस, आणि माझी आई सारखी शेजारी असते. हल्ली मी तिला घरात एकटी ठेवत नाही, दुपारचं दुकानातच आणून बसवते. म्हणून कागदावर लिहायलेय. तुमच्या वालूरचं एक गिऱ्हाईक आलं होतं, त्यांच्या हाती देतेय, तुझ्याच हातात द्या म्हणून बजावून. वाचताना एकटी बस.

येत्या वसुबारसेला रुद्राचं वर्षश्राद्ध. जेवणं उरकून पाहुणे पांगले की आपण घरचेच बसून त्याचा लॅपटॉप उघडायचा, पासवर्ड तू घालायचास, आणि त्यानं सृष्टीसाठी बोलून ठेवलेल्या गोष्टी तिला पहिल्यांदा ऐकवायच्या, असं आपलं तेराव्याला ठरलं होतं. तेव्हा पोर नुकती पालथी पडायला लागली होती. आता चालते, भिंतीवरच्या फोटोकडं बोट दाखवून बाबा म्हणते, असं तू सांगितलंस. फोटो तिला माहीत झाला, पण आवाज तिच्या ध्यानात कुठून राहणार? ती पोटात होती तेव्हापासून हा कामावरून आला की लॅपटॉपापुढं बसून तिला एक गोष्ट सांगायचा, आणि तीही आपल्या इकडच्या बोलीत. पुण्यात वाढली तरी पोरीला आपलं ‘लय’ आणि ‘हाय’ कळलं पाहिजे म्हणायचा. मला त्या लॅपटॉपाबद्दलच लिहायचंय, पण हात तिकडं जाईना झालाय. आधी थोडं इकडचंतिकडचं लिहू दे.

त्यानं तो ॲपलचा मॅक घेतला तेव्हा तुमचं लग्न ठरायचं होतं. पुण्याहून आला तो घरी न जाता थेट माझ्या कॉम्प्युटरच्या दुकानात, आणि मखरात गणपती बसवावा तसा तो माझ्या काउंटरवर बसवला. मी कौतुक करीन असं त्याला वाटलं होतं. मी म्हटलं, ह्याला पेनड्राइव्ह कुठं लावायचा? भोकच नव्हतं त्याला. वेगळं अडॅप्टर घ्यावं लागतं म्हणे. फुली मारून खिडकी बंद करायची तर फुली डावीकडं, माझा हात सारखा उजवीकडं जायचा. कॉपी करायला कंट्रोल दाबावं तर इथं कंट्रोल कामाचं नाही, कमांड दाबा. मी म्हटलं, बाबा, एवढा पैसा घालून उलट्या हातानं जेवायला शिकायचं का?

तोही कमी नव्हता. म्हणायचा, अक्का, तुझी विंडोज म्हणजे जिंतूरचा बसस्टँड. कुणीही यावं, कुणीही बसावं, आणि नेमकी गाडी सुटायच्या वेळेला झाडलोट काढायची. हा टोमणा मला झोंबायचा, कारण पीकविम्याच्या शेवटच्या तारखेला माझं मशीन खरंच ‘अपडेट होत आहे, बंद करू नका’ म्हणून बसलं होतं आणि बाहेर दारापासून रस्त्यापर्यंत माणसं मला शिव्या घालत होती. मी म्हणायचे, बसस्टँड तर बसस्टँड, पण बिघडलं तर जिंतुरात दुरुस्त होतं. तुझ्या सफरचंदाला नुसती शिंक आली तरी पुणं गाठावं लागेल. कॉलेजात असताना त्याच्या जुन्या लॅपटॉपावर चहा सांडला होता, तेव्हा मीच खालचे स्क्रू काढून हार्डडिस्क उपसली, दुसऱ्या मशीनला लावली आणि परीक्षेच्या आदल्या दिवशी त्याचा सगळा प्रोजेक्ट त्याच्या हातात दिला होता. ते मी दर भांडणात काढायचे. त्यावर त्याचं ठरलेलं उत्तर, जे तू काढू शकतेस ते चोरही काढू शकतो. माझ्यातलं कुणी काढून दाखवावं. आणि वर ते झाकण बोटानं वाजवून दाखवायचा, अंग बघ अक्का, सगळं ॲल्युमिनियम आहे.

अंगाचं त्यानं खोटं सांगितलं नव्हतं. झरीच्या पुढं त्या उसाच्या ट्रॉलीला मागं दिवा नव्हता. मोटारसायकलची ओळख पटंना, मोबाईलचा चुरा झाला, आणि पाठीवरच्या सॅकमधल्या लॅपटॉपाला कोपऱ्यावर एक ओरखडा. हवालदारानं तो माझ्या हातात दिला तेव्हा मला त्या वस्तूचा इतका संताप आला, की तिथंच रस्त्यावर आपटावा वाटला. नंतर तू सांगितलंस की गोष्टी त्यातच आहेत, दुसरीकडं कुठंच नाहीत. ढगात, त्या क्लाउडवर, ठेवतो ठेवतो म्हणून त्यानं आजउद्या केलं, आणि त्याच दिवाळीत माझ्याकडच्या डिस्कवर उतरवून घ्यायचं आमचं बोलणं झालं होतं. मग मी तो पदरानं पुसून जपून ठेवला.

तेराव्यानंतर तू वालूरला निघालीस तेव्हा, आत्ता माझ्यानं उघडवणार नाही, वर्षाला बघू, तोवर आईंजवळ राहू द्या, म्हणालीस. आईनं तो देवघरात खालच्या पायरीवर ठेवला. बॅटरी पार उतरू देऊ नको असं मी सांगितलं होतं, तर ही दर अमावास्येला नैवेद्य दाखवून झाला की चार्जरची पिन लावायची. झाकण उघडलं की पडद्यावर त्याचं नाव यायचं, गोल चौकटीत त्याचा हसरा फोटो, आणि खाली पासवर्डाची रिकामी पट्टी. तिला त्याच्यापुढं जायचंही नव्हतं. त्या फोटोशी बोलत बसायची. आज कापूस वेचायला बाया मिळाल्या नाहीत, गाईनं दूध चोरलं, असलंच काहीबाही. पडदा विझला की एका बोटानं कळ दाबायची, पुन्हा उजेड. मी म्हटलं, अगं, भिंतीवर एवढा मोठा फोटो लावलाय की. तर म्हणाली, त्याला हार घातलाय तुमी. ह्याच्यात माझं लेकरू हात लावला की जागं होतंय.

आता सांगते. घरात वर्षभर सण नाही, हे फर्मान आईचंच. पण खंडेनवमीला म्हणाली, माणसाचं सुतक हत्याराला कशाला, हत्यारं उपाशी ठेवू नयेत. दरवर्षीसारखी तिनं विळे, खुरपी, कुऱ्हाड, शिवणाची मशीन, सगळं धुतलं, पुसलं, पाटावर मांडलं. तू सांग, ज्याच्यावर तिच्या लेकाचं पोट चालायचं ते हत्यार ती मागं कसं ठेवणार? झाकण उघडून ओल्या फडक्यानं कळा पुसल्या, फुलानं तांब्यातलं पाणी शिंपडलं, हळदकुंकू वाहिलं, अक्षता टाकल्या. पिन लावलेलीच होती. मी त्या वेळी दुकानात माझ्या मशीनांची पूजा करत होते. आम्ही दुकानवाले झाकणाला नुसतं गंधाचं बोट टेकवतो, पाण्याचा तांब्या जवळही आणत नाही. तिनं विळ्याची करतात तशी पूजा केली, मनापासून केली.

दसऱ्याला सकाळीच तिचा फोन आला. आवाज अगदी लहान पोरीसारखा झाला होता.

“राजे, माझा रुद्रा दिसंना झालाय.”

चार्जिंग संपलं असेल म्हणून मी तो दुकानात आणला. मागचं झाकण काढलं आणि बघितलं, तर कळांच्या खाली तांदळाचे दाणे अडकलेले आणि हळदीचा ओघळ थेट आतल्या बोर्डापर्यंत गेलेला. तेव्हाच मला कळलं, पण मन घेईना. संभाजीनगरला बोर्डाचं काम करणारा एक जाणता माणूस आहे, त्याच्याकडं एसटीनं गेले, सगळी वाट मांडीवर धरून. त्यानं भिंगाखाली घालून सगळं तपासलं. मुख्य चिपच जळालीय, म्हणाला. ह्या मशीनात साठवण वेगळी उपसता येत नाही, ती बोर्डालाच पक्की केलेली असते, आणि तिचं कुलूप त्या जळालेल्या चिपमध्ये. मी म्हटलं, पासवर्ड आहे आमच्याकडं, माझ्या भावजयीला पाठ आहे. तर बिचारा हळूच म्हणाला, ताई, पासवर्ड ज्याला सांगायचा तेच आता राहिलं नाही. माझं समाधान होईना म्हणून पुण्याच्या दोन कारागिरांना त्याच्यासमोर फोन लावले, फोटो पाठवले. त्यांनीही तेच सांगितलं.

म्हणजे गोष्टी गेल्या, ज्ञानेश्वरी. एकही निघणार नाही. तुला हे सांगायचं म्हणून फोन हातात घ्यायचे आणि परत ठेवायचे. मी लोकांचे जळके, भिजके, उंदरानं कुरतडलेले लॅपटॉप उघडून त्यांची लग्नं, बारशी, सातबारे काढून दिलेत, आणि माझ्या भाचीच्या बापाचा आवाज तेवढा मला काढता आला नाही. आमच्या दोघांचा तो वाद शेवटी मी जिंकले, बघ. जुनं डबडं असतं तर घरच्या स्क्रूड्रायव्हरनं काम झालं असतं. परत येताना सेलूच्या एका म्हातारीनं बसमध्ये मला पाणी पाजलं, इतकी मी रडत होते. तू तर बायको त्याची, तुझं काय होत असेल ते मी समजू शकते असं म्हणायलाही मला जीभ रेटत नाही. सृष्टीला मी त्याच गोष्टी सांगेन, आम्हा दोघांना त्या एकाच माणसानं, आमच्या आजोबांनी सांगितल्या होत्या. पण आवाज माझाच असेल. त्याला माझ्याकडं इलाज नाही.

आईला अजून काही माहीत नाही. दुरुस्तीला घेतलाय, पार्ट मागवलाय, असं सांगून वेळ काढतेय. ती समोरच्या बाकावर बसून असते आणि माझा हात मोकळा दिसला की विचारते, झाला का गं. तिचं तुला ठाऊकच आहे. गाय व्यायली होती, वसुबारसेला गायवासराच्या पूजेला घरात लेक पाहिजे म्हणून तिनंच त्याला एक दिवस आधी बोलावलं होतं. तो धनत्रयोदशीला येणार होता. आज वर्ष होत आलं तरी एक दिवस असा जात नाही की ती म्हणत नाही, मी बोलावलं नसतं तर माझं लेकरू असतं. मी ताटावर बसले तर चार घास खाते, नाहीतर भाकरी तशीच कुत्र्याला. आपल्याच हातच्या पाण्यानं नातीसाठी ठेवलेला लेकाचा आवाजही गेला, हे तिला कळलं तर ती दुसऱ्या दिवशीचा उजेड बघणार नाही. हे मी तुला भीती घालायला लिहीत नाही, मी तिला रोज बघतेय.

म्हणून हे पत्र. आईला मी सांगणार आहे की लॅपटॉप माझ्या हातून गेला. दुरुस्त करायला बसले, उलटी पिन लावली, जाळून ठेवला. ती लगेच विश्वास ठेवणार नाही, कारण माझ्या हाताचं कौतुक सगळ्यात जास्त तिलाच आहे. तिला पटायचं तर ते तुझ्या तोंडून पटेल. वसुबारसेला आलीस की पायावर पाणी घेतल्या घेतल्या लॅपटॉप विचार, आणि मी सांगितलं की सगळ्यांसमोर मला फाडून खा. अक्का, तुम्हाला हात लावायला कुणी सांगितलं होतं, माझ्या पोरीचा बाप दुसऱ्यांदा नेलात, असं काय तोंडाला येईल ते बोल. मी खाली मान घालून ऐकून घेईन. नणंदभावजयीचं भांडण आहे, कुणाला त्यात खोटं वाटणार नाही. आई मधे पडून माझी बाजू घेईल, तेव्हा डोळ्यात पाणी येऊ देऊ नकोस, भांडत राहा. तुला खरंच राग आला असेल, माझ्या आईचा, त्या देवपूजेचा, आमच्या सगळ्या घराचा, तर तोही माझ्यावरच काढ, मी बाहेर बोलणार नाही. आयुष्यभर माझ्याशी अबोला धरलास तरी चालेल. फक्त पाण्याचं नाव काढू नकोस.

तुझीच,
राजेश्रीअक्का