विमा-मध्यस्थाची निवड आणि माझा निर्विवाद विजय

नाशिक,
१९ जानेवारी २००५

व्याही श्री. मोतीरामराव यांस,

जयरामचा रीतसर नमस्कार, आणि मुलीचे वडील म्हणून आपणांस एक अधिकचा. घोटीची आपली भातगिरणी सुरळीत असेल आणि चिमणाताईंचा गुडघा या थंडीतही त्यांचे ऐकत असेल, असे गृहीत धरतो. (गृहीत धरणे हा पुरावा नव्हे, हे मी उभा जन्म कॉलेजात शिकवले, पत्राच्या आरंभी मात्र ते चालते.) आमच्याकडे सर्व कुशल. माझी प्रकृती उत्तम आहे. अक्षर तिरके आले आहे, कारण टेबल तिरके आहे. त्यावरून अन्य निष्कर्ष काढू नये.

पत्रास कारण एकच, विजय. मागच्या हंगामात पिंपळगावच्या आमच्या द्राक्षांच्या पॅकिंग शेडमध्ये सगुणाबाई (पेटीत घड असा मांडते की उचलण्याआधी हात जोडावेसे वाटतात) पोट धरून खाली बसली. पित्ताशयात खडे निघाले. शस्त्रक्रिया होऊन ती वाचली, पण खर्चापायी दारची दुभती गाय गेली आणि धाकटीची शाळा सुटली. तेव्हा आपल्या कन्येने, म्हणजे आमच्या सूनबाई तेजस्विनीने, प्रतिज्ञा केली की पॅकिंगच्या प्रत्येक बाईचा आजारपणाचा विमा झाल्याशिवाय यंदा शेडचे शटर वर जाणार नाही. इकडे बागेत घडांत गोडी भरत आली, माल परदेशी धाडण्याच्या तारखा ठरल्या, आणि गोरक्ष (माझा मुलगा असूनही वादात दुबळा) नखे खाऊ लागला. अशा वेळी घरात तर्कशास्त्राचा निवृत्त प्राध्यापक असताना त्याने स्वस्थ बसणे अनैतिक ठरले असते. विमा मिळवून देणारा मध्यस्थ निवडण्याचे काम मी हाती घेतले. ते मला कोणी दिले नव्हते. परंतु दुसऱ्या कोणाच्या हातीही मला ते दिसले नाही.

येथे एक भेद स्पष्ट करतो. एजंट हा कंपनीचा माणूस. तो आपल्याच दुकानातला माल वाखाणतो. ब्रोकर हा गिऱ्हाइकाचा माणूस; त्याने सगळी दुकाने हिंडून आपल्या मापाचा सदरा आणायचा, आणि पुढे तो उसवला तर दुकानदाराशी भांडायचेही. सबब ब्रोकर निवडणे म्हणजे वकील निवडणे, आणि वकील नात्यातला नसावा, कारण नाते मध्ये आले की कणा वाकतो. या नियमाने आपले चिरंजीव दीपकराव, नाशकात ब्रोकरचेच कार्यालय चालवीत असूनही, पहिल्या फेरीत बाद झाले. (राग नसावा. माझा सख्खा भाऊ असता तरी हेच केले असते. किंबहुना अधिक आनंदाने.) हे सूनबाईंना सांगितले तेव्हा त्या फक्त “बरं, आप्पा” म्हणाल्या. इतक्या शालीनतेने पराभव स्वीकारणारी व्यक्ती माझ्या पाहण्यात नाही.

उरले दोघे. पहिले मुंबईचे, टायवाले. त्यांनी लॅपटॉप उघडून रंगीत वर्तुळे दाखवली. एखाद्या बाईला आधीपासूनच आजार असेल तर काय, असे मी विचारले. ते म्हणाले, “सर, फार छान प्रश्न!” आणि पुढचे वर्तुळ दाखवले. प्रश्नाची स्तुती हे उत्तर नव्हे, एवढे मी प्रथम वर्षाच्या मुलांनाही सांगत असे. दुसरे नाशिकरोडचे. ते त्र्यंबकेश्वराचे पेढे घेऊन आले, माझ्या पाया पडले आणि म्हणाले, “आप्पा, आजार लिहायचाच कशाला? फॉर्मवर सगळ्या बाया ठणठणीत!” पेढे मी ठेवून घेतले, युक्तिवाद परत केला.

दरम्यान बायांनाही विषयाची मांडणी कळावी म्हणून मी शेडमध्ये जाऊन एक छोटेखानी व्याख्यान दिले. ते रंगात आले असता सगुणाबाई म्हणाली, “आप्पा, तुमचं समदं खरं हाय, पन जरा सरका. फोटोवाल्याच्या उजेडात उभे ऱ्हायले तुम्ही.” पाहतो तो बाया ठेवणीतल्या साड्या नेसून एकेक करून फोटो काढून घेत होत्या. दिवस संक्रांतीचे, हळदीकुंकवाची हौस असेल, म्हणून मी कौतुकाने बाजूस झालो.

तोंडी परीक्षेनंतर प्रात्यक्षिक. योजना अशी की रविवारी उमेदवारास फोन करायचा, पेशंट तळमळतो आहे म्हणून सांगायचे आणि तो काय करतो ते पाहायचे. पॉलिसी नसली म्हणून काय झाले, माणूस कळतो. पेशंटची भूमिका मी स्वतः घेतली आणि सकाळपासून कण्हण्याचा सराव केला. (पोट थोडेसे खरोखरच दुखत होते, त्यामुळे अभिनय सुलभ गेला.) टायवाल्यांकडे यंत्र बोलले: कार्यालय सोमवारी उघडेल. नाशिकरोडकर म्हणाले, “घाबरू नका आप्पा, आत्ता पॉलिसी काढतो, तारीख कालची टाकू!” दोघेही बाद. परीक्षा उत्तम पार पडली होती. उमेदवार तेवढा कोणी उरला नव्हता. मी या पेचाचा विचार करीत, सवयीने कण्हत, पडलो असता सूनबाई बाहेरून आल्या आणि मला भूमिकेतून उतरण्याची संधी न देता त्यांनी भावाला फोन लावला.

दीपकराव गाडी घेऊनच आले. मी सांगत होतो की हा केवळ पूर्वपक्ष आहे, सिद्धांत नव्हे. ते म्हणाले, “हो आप्पा, पाय आत घ्या.” दवाखान्यात मी डॉक्टरांस परीक्षेची रचना मुळापासून समजावली. त्यांनी ती शांतपणे ऐकून नर्सला सांगितले, “ही बडबड कधीपासून आहे ते विचारून घ्या.” सोनोग्राफीत पित्ताशयात खडे दिसले. सगुणाबाईसारखेच, फक्त माझे अधिक मोठे आहेत, असे डॉक्टरांनी स्वतः मान्य केले.

आता मुख्य प्रसंग. मी दीपकरावांस म्हटले, शेडच्या विम्यात माझेही नाव घाला. जो शेडसाठी श्रम करतो तो शेडचा कामगार. मी शेडमध्ये व्याख्यान दिले. व्याख्यान हे श्रम आहेत (ऐकणाऱ्याचे अधिक, पण माझेही). म्हणून मी कामगार. दीपकराव म्हणाले, “आप्पा, शेडच्या पगारावर तुम्ही नाही.” मी तीन दृष्टांत दिले, आवाज चढवला, तुमच्या बहिणीचा सासरा आहे याची आठवणही दिली. ते जागचे हलले नाहीत. म्हणाले, “आज तुम्हाला खोटं घुसवलं, तर उद्या सगुणामावशीच्या खऱ्यावर कंपनी बोट ठेवेल. मग मी कोणत्या तोंडानं भांडू?” मी प्रत्युत्तर शोधू लागलो. सलाइनची बाटली संपली.

सामान्य मनुष्य येथे म्हणेल की जयराम हरला. परंतु परीक्षेचा हेतू काय होता? नात्यापुढे कणा न वाकवणारा मनुष्य शोधणे. तो सापडला, आणि तो सापडावा म्हणून नात्यातला मनुष्य खुद्द मला व्हावे लागले. इतकी परिपूर्ण परीक्षा मी आयुष्यात घेतली नव्हती. मी खाटेवरूनच दीपकरावांची निवड जाहीर केली. शेजारच्या खाटेवरील गोटीराम नावाच्या गृहस्थांनी, प्लॅस्टरमधला हात सांभाळीत, टाळी वाजवली.

चिरंजीवांचे अभिनंदन आपल्याकडे पोचते करतो. पत्र त्यांच्याच हाती देत आहे, म्हणून पाकीट नीट चिकटवले आहे. चिमणाताईंस नमस्कार.

आपला विजयी व्याही,
जयराम

ता. क. : निवड ऐकून सूनबाई पुन्हा “बरं, आप्पा” म्हणाल्या. नंतर कळले की विमा दीपकरावांमार्फत कधीच झाला होता. बायांचे जुने आजार खरे खरे लिहून, कंपनीशी भांडून, कबूल करून घेतले होते. ते फोटो विम्याच्या कार्डांचे. शेड सोमवारीच उघडली. दोन स्वतंत्र मार्गांनी एकच निष्कर्ष निघाला म्हणजे तो पक्का होतो. सूनबाईंना माझ्यामुळे ही पुष्टी फुकटात मिळाली.

आणखी एक ता. क. : शस्त्रक्रिया शुक्रवारी सकाळी आहे. गोरक्षाला मी शेड सोडू नकोस म्हणून बजावले आहे, आणि ते योग्यच आहे. काल सगुणाबाई नवे कार्ड दाखवायला आली होती. जाताना म्हणाली, “काय व्हत नाय आप्पा, मी उभी हाय ना तुमच्या म्होरं? फकस्त आत नेताना बरोबरीचं एक मानूस दारात दिसलं म्हंजे बरं वाटतं.” हे विधान तर्कदृष्ट्या दुबळे आहे. माझी प्रकृती, वर लिहिल्याप्रमाणे, उत्तम आहे. तथापि शुक्रवारी सकाळी नाशकात आपले काही काम निघते का ते पाहावे. नसल्यास काढावे.