नाकापुरता मास्क

कराड,
६ जानेवारी २०२५

ती. शिवांजलीताईस,
ऋषिराजचा सा. न.

आबांनी तुझा फोन ट्रॅक्टरच्या चाकाखाली घातला आणि ऋषीचं नाव काढील त्याची जीभ उपटीन म्हणाले, म्हणून हा कागद. दुधाच्या टेम्पोवाल्या नानासोकडं देतोय, उत्तरही त्याच्याकडंच दे. मी सध्या स्टँडमागं एका वेल्डिंगवाल्याकडं पडलोय. त्याआधी बिरदेव धनगराच्या मेंढरांमागं माण तालुक्याकडं निघालो होतो, पण त्याचा एक मेंढा माझ्यावरच का खुन्नस धरून होता कोण जाणे. मांडीत शिंग घातलं त्यानं. ते भेटल्यावर सांगीन.

तू सासरहून आलीस ती सगळं झाल्यावर. म्हणून खरं काय झालं ते लिहितो. झोपेत आबांचा श्वास अडकतो म्हणून सांगलीच्या डॉक्टरांनी हवेचं मशीन आणि नाकातोंडावर बसणारा मोठा मास्क दिला. मिशीमुळं त्याच्या कडेनं फसाफसा हवा जायची. मला वाटलं, सैल बसलाय. लंगोट सैल राहिला तर मैदानात अब्रू जाते, हे आबांनीच मला कानफटात देऊन शिकवलेलं. मी उशीला गुडघा लावून पट्टे लंगोटासारखे आवळले. झोपेत त्यांना वाटलं असणार, कुणीतरी तोंड दाबून आपल्याला चीत करतंय. त्यांनी शेजारी झोपलेल्या आईलाच खाली घेतलं. तिचं मनगट मोडल्याचा आवाज मला बाहेरच्या खोलीत ऐकू आला. जागे झाल्यावर आबा मलाच विचारत होते, ही का रडतीया.

दुसऱ्या दिवशी मी ठरवलं, दोष मिशीचा. आबा खुर्चीत पेंगले होते, मी वस्तरा लावला. अर्धी उतरली आणि त्यांचे डोळे उघडले. पुढचं माझ्या भुवईवर आहे, कमरेच्या पट्ट्याच्या बकलासकट.

आई आता कुठं झोपते, ते आधी कळव. बाकी तुझी माया आणि शिव्या दोन्ही चालू ठेव.

तुझा,
ऋषिराज


कुंडल,
९ जानेवारी

चि. ऋषिराज यास अ. उ. आ.

मेंढ्यानं शिंग घातलं ते वाचून बरं वाटलं. घरातली एक तरी इच्छा त्यानं पुरी केली.

आबा अर्धी मिशी घेऊनच हिंडतात. उरलेली काढा म्हटलं तर विळा उचलतात. पलीकडच्या मळ्यातला शंभूराज नुसता गालात हसला, तर त्याला कमरेला धरून पाटात आपटला. मोठ्या मास्कचे विळ्यानंच तुकडे केले आणि मशीनला लाथ घातली. मशीन चालतंय अजून, मी लपवून ठेवलंय.

रात्री झोप नाही म्हणून दिवसा डोळा लागतो. परवा पलूसच्या वळणावर ट्रॅक्टर चालवताना लागला. उसाची ट्रॉली उलटली, पुढच्या गाडीच्या बैलाचा पाय चिरडला. जी माणसं बाहेर काढायला आली, त्यातल्या एकाचे दात आबांनी पाडले. घरी आल्यावर गोठ्यात बसून स्वतःच्याच डोक्यात बुक्क्या मारत होते. बैल कसा ओरडला ते सारखं सांगत होते.

आई त्यांच्या शेजारीच झोपते. ऐकत नाही. श्वास थांबला की डाव्या हातानं त्यांच्या छातीवर बुक्की मारते. ती म्हणते, मी उठून गेले तर यांना मागं कोण आणणार? आणि ते शुद्धीवर येताना दर वेळी त्यांचा हात उठतो. काल तिचा ओठ फाटला. दोघांतलं एक कुणीतरी जाणार, ऋषी.

डॉक्टरांना भेटून आले. आबांच्या नाकाचं हाड कुस्तीत मोडलेलं असलं तरी वाट मोकळी आहे म्हणाले, तेव्हा नुसत्या नाकपुड्यांवर टेकणारा लहान मास्क चालेल. मी इथून हलू शकत नाही. तू बघ. पण वाटेत कुठं रमू नकोस, हात जोडते.

मनात राग ठेवू नको. पोटात काही घालत जा.

तुझी,
ताई


कराड,
१३ जानेवारी

ती. ताईस, सा. न.

वाटेत थोडा रमलोच. संगमावर दोन पोरं मारामारी करत होती, सोडवायला गेलो आणि दोघांनी मिळून मलाच धुतलं. सुजलेलं नाक घेऊन दुकानात शिरलो, तर तिथली सोनिया नावाची बाई म्हणाली, मास्क पेशंटला घालायचाय ना, तुम्हाला नाही ना?

मी म्हटलं, सगळ्यात मोठा द्या, आमचे आबा पैलवान आहेत. ती म्हणाली, छाती नाही, नाकपुडी मोजायची असते. मग तीन मापांच्या मऊ रबरी गाद्या एकाच पाकिटात दिल्या. मी स्वतः लावून बघितलं. गालावर काही नाही, डोळ्यांपुढं काही नाही, मिशीला धक्का नाही. डोक्यामागनं एकच पट्टा. तोंड मात्र मिटलेलं पाहिजे, नाहीतर हवा तिकडून पळते. पुढच्या बारीक भोकांतून सोडलेला श्वास बाहेर जातो, त्यांवर काही येऊ देऊ नकोस.

झोपेत घालू नको. उजेडात, बसलेले असताना त्यांच्याच हातात दे. त्यांनाच लावू दे. आणि आवळू नको. हे मी सांगतोय म्हणून हसू नको.

मी आणला हे बोलू नकोस, नाहीतर ह्याच्यावरही विळा चालेल. आईच्या फाटक्या ओठाला माझा नमस्कार सांग.

तुझा,
ऋषिराज


कुंडल,
२१ जानेवारी

चि. ऋषिराजास आबाचा अर्धा आशीर्वाद. उरलेला मिशी वाढल्यावर.

तुझ्या ताईनं, शिवीनं, काय सांगितलं न्हाई. पर मिशी वाचवून नाकात बसणारं कोण हुडकणार, येवढं मला कळतं. पयल्यांदा भिताडावर फेकलं. मग कुणी बघत न्हाई बघून उचललं. मी मोठीच गादी घातली, पैलवान हाय म्हणून. नाक सोलून रगत आलं. मधली घातली. ती बसली.

ट्रॅक्टरची चावी शिवीकडं दिलीया. डॉक्टर व्हय म्हणंपर्यंत हात लावणार न्हाई. बैलवाल्याच्या दारात जाऊन आलो. त्यानं शिव्या दिल्या, मी खाली मान घालून ऐकल्या.

काल तुझी आई शेजारी निजली. मशीन चालू, घोरणं बंद. तिला वाटलं, मी गेलो. डाव्या हाताची अशी बुक्की हाणली छातीवर, की फौजंत हुतो तवा न्हाई आन मैदानात न्हाई, कुणी तसली हाणली न्हवती. लगेच दुसरी. मी डोळं उघडलं. माझा हात उठला न्हाई, गड्या. हातरुणावर पडून हुता तसाच. मी त्याच्याकडं बघितलं. तिनंबी बघितलं. मी म्हनलं, जिता हाय, नीज. ती लय रडली. मग घोरायला लागली. तिचं घोरणं मी ह्या जल्मात पयल्यांदा ऐकलं.

घरला ये. मिशीबद्दल तुला मारणार हाय. पर जागेपणी मारीन.

तुझा बाप,
जोतीराम