विंगेतला आवाज, तिसऱ्या रांगेतून

तीर्थरूप दादा,

तुझ्या पायांवर डोकं ठेवते. (गुडघ्यांमुळे हल्ली हे फक्त कागदावरच जमतं.) तुझा दमा कसा आहे, वहिनी अजून बिनमिठाचं जेवायला घालते का, ते सविस्तर कळव. आम्ही आहोत तसेच आहोत, म्हणजे मी थकलेली आणि हे रागावलेले.

आपल्या संगीत नाटकावर सिनेमा निघालाय, हे तुला कळलंच असेल. मला बघायचा नव्हता. भाऊ राजा आणि नवरा विंगेत प्रॉम्प्टर, असं ते नाटक मी इतक्यांदा पाहिलंय की झोपेतसुद्धा त्यातलीच पदं ऐकू येतात. पण सुनेने हौसेने तिकिटं आणली, तिचं मन मोडवेना, म्हणून गेले. सिनेमात खरा राजवाडा आहे, खरे घोडे आहेत, सिंहासन सोन्याचं आहे. (आपलं सिंहासन म्हणजे माझ्या स्वयंपाकघरातली खुर्ची, वर लाल मखमल. ती अजून डुगडुगते, तिच्यावर बसूनच हे लिहितेय.) पदं मात्र इतकी आखूड केलीत की मी चष्मा पुसेपर्यंत एक संपलं. तू तेच पद आळवायला घेतलंस की मी घरी जाऊन, धुणं वाळत घालून परत येत असे.

दिवे मालवले आणि ह्यांना वाटलं, आपण कामावर आहोत. पहिल्या प्रवेशापासून पुटपुट सुरू. नटाच्या आधी ह्यांचं वाक्य तयार. त्यात सिनेमावाल्यांनी शब्द बदललेले, म्हणून मधूनमधून माझ्या कानात 'गाळलं, गाळलं'. बॅटरीवाला एकदा येऊन प्रेमाने सांगून गेला, दुसऱ्यांदा प्रेम नव्हतं. मी ह्यांच्या हातात पॉपकॉर्नचा पुडा कोंबला, तर हे भरल्या तोंडाने प्रॉम्प्ट करू लागले.

मग तो शेवटचा प्रवेश आला. भरदरबारात राजा टाकून दिलेल्या मुलीला आपली म्हणतो, तो. त्याच जागी त्या प्रयोगाला तू थांबलास, ह्यांना वाटलं तू विसरलास, आणि विंगेतून खड्या आवाजात 'ही माझी मुलगी' आलं. प्रेक्षकांतून कोणीतरी 'नक्की कोणाची?' म्हणालं, सगळं थिएटर हसलं, आणि तू मुकुट आपटून गेलास तो आजतागायत आमचा उंबरा चढला नाहीस. तू म्हणतोस, मी थांबलो होतो. हे म्हणतात, तो विसरला होता. दोघांच्या मध्ये माझे कान किटले.

सिनेमातला राजाही तिथेच थांबला. पडदाभर चेहरा, डोळ्यांत पाणी, शब्द नाही. लोक मुसमुसत होते. ह्यांचा गुडघा हलायला लागला. मी हात घट्ट धरला, दादा, खरंच धरला. तरी दुसऱ्या हाताचा कर्णा करून ह्यांनी 'ही माझी मुलगी' दिलंच. पुढच्या रांगेतल्या बाईने वळून मला नीट न्याहाळलं आणि म्हणाली, "बरं काका, पण हळू बोला." मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. लोक हसत असतानाच पडद्यावरच्या राजाने सावकाश डोळे मिटले, उघडले, आणि अगदी तुझ्यासारखं ते वाक्य म्हटलं.

बॅटरीवाल्याने आम्हाला बाहेर काढलं. बस स्टॉपवर ह्यांनी दोन बस सोडून दिल्या. मग म्हणाले, "तोही विसरला नव्हता गं." मला रडूच आलं, खोटं कशाला सांगू.

म्हणून ह्यांच्या वतीने मी तुझी माफी मागते. झालं ते पोटात घाल. आपण सगळे आता थकलो.

तुझी,
दोघांच्या मध्ये चेंगरलेली धाकटी बहीण

ता.क. माफीचं ह्यांना सांगितलेलं नाही. कळलं तर हे पत्र पेटीत पडायचं नाही.

ता.क. शेवट राहिलाय म्हणून हे पुन्हा सिनेमाला जायचं म्हणतात. बॅटरीवाला म्हणतो, काकांच्या तोंडावर हात ठेवायला कोणी धडधाकट माणूस आणा. माझ्याने होत नाही. रविवारी तू ये. आधी जेवायलाच ये.

ता.क. पहिलं ता.क. खोटं आहे. नेहमीसारखं मोठ्याने म्हणत लिहीत होते, तर वर 'मी तुझी' एवढं लिहून माझा हात थांबला होता. तेवढ्यात दाराच्या पडद्यामागून खड्या आवाजात 'माफी' असं आलं. मी विसरले नव्हते रे दादा. थांबले होते.