बाबूच्या डब्यात काय आहे

प्रिय इरू,

देवपूजा आटोपली, तुळशीला पाणी घातलं आणि हा कागद घेऊन बसलो. आज रविवार, ऑफिसची बस नाही. तुझी आई मंडळात भुलाबाईच्या तयारीला गेली आहे, तेव्हा घर माझ्या एकट्याचं आहे. तुला मराठी वाचायला वेळ लागतो, म्हणून अक्षर मोठं काढतो आहे. मोठ्याने वाच, म्हणजे लवकर कळतं. हे फोनवरही बोललो असतो, पण हल्ली तुझा फोन नेमका मी बसमध्ये असताना येतो, आणि तोही आईच्या नंबरवर. तुमच्या त्या कार्टूनच्या मालिकेचा, ‘कोरी राजधानी’चा, तू लिहिलेला भाग टीव्हीवर लागला तेव्हापासूनचं हे आहे. त्यातल्या बाबूला पाहून मला वाईट वाटलं असेल अशी तुला धास्ती आहे. आई तसं सांगत नाही, पण तुझा फोन ठेवला की ती मला अवेळी चहा विचारते, त्यावरून मी ओळखतो.

इथे सगळं ठीक आहे. पेरूला यंदा इतका बहर आहे की पोपटांचं खाऊन झाल्यावरही गल्लीत वाटतो आहोत. आईचा गुडघा बरा आहे. जिना उतरताना पूर्वी ती देवाचं नाव घ्यायची, आता माझ्या नावाने ओरडते. जुन्या शहरात, आपल्या तात्यापाऱ्यात, स्कूटर उभी करायला जागा मिळत नाही आणि नव्या रायपुरात, आमच्या ऑफिसकडे, एवढ्या रुंद रस्त्यांवर उभं करायला काही नाही, हे तू दाखवलंस ते अगदी खरं आहे. आठ पदरी रस्ता ओलांडणाऱ्या म्हशीला पोलीस सलाम ठोकतो आणि ‘मॅडम राउंडवर आहेत’ म्हणून सगळे सिग्नल लाल करतो, तिथे मी इतका हसलो की आईने पाण्याचा पेला आणून दिला.

मग तुझा बाबू आला. टक्कल, स्वेटर, बगलेत स्टीलचा गोल डबा. लिफ्टपुढे चप्पल काढून हात जोडणारा. संगणक सुरू करताना हात जोडणारा. कागद छापून आला की तो कपाळाला लावणारा. माझं हसणं थांबलं. आई माझ्याकडे बघत म्हणाली, ‘काहून, आवडून नाही राहिलं का?’ मी तुळशीला पाणी घालायला गेलो, आणि सकाळी घातलेलंच होतं. हे तिने तुला सांगितलं असणार. खरं आहे. त्या दिवशी मला जरा लागलं. पण इरू, ते त्या दिवसापुरतं होतं, आणि त्यानंतर जे झालं ते आईला माहीत नाही.

असे भाग बघून झाल्यावर त्यात कुठे काय दडवलं आहे हे शोधून इंटरनेटवर मांडणारे लोक असतात, हे मला हिरालालमुळे कळलं. हिरालाल साहू, माझ्या शेजारच्या टेबलावरचा, बीरगावहून येतो तो. तेलीबांधा तलाव मागे पडला की बसमध्ये त्याचा मोबाईल निघतो. त्याने मला ते वाचून दाखवलं. मंत्री आला की उडणारं आणि गेला की बंद होणारं कारंजं कोणत्या जुन्या राजाच्या चित्रावरून घेतलं, मुख्यमंत्र्याच्या खोलीतल्या पोपटाचा आवाज कोणत्या बातमीवाल्यासारखा आहे, म्हशीच्या गळ्यातली घंटा कोणत्या शाळेची, वगैरे. हुशार लोक आहेत. पण त्यांना जे दिसलं नाही ते मला दिसत होतं. बसचा नंबर आपल्या जुन्या स्कूटरचा. बाजारातल्या पाटीवर ‘वनमाला ब्लाउज सेंटर’, तुझ्या आईने काढायचं ठरवून कधीच न काढलेलं दुकान. बाबूच्या घरची तुळस रंगाच्या बादलीत, आणि बादलीची कडी डावीकडे मोडलेली. देवाच्या फोटोमागून शेपटी काढणारी पाल. तिला तू लहानपणी कारकून म्हणायचीस, कारण ती ठरल्या वेळेला येते आणि काही करत नाही. ती अजून आहे. आता लिहितानाही वर बसली आहे.

बाबूच्या डब्यावरून मात्र त्या लोकांत भांडण लागलं होतं. तो डबा सबंध भागात कोणी उघडत नाही. बाबू अधूनमधून कानाशी धरून हलवतो, हसतो आणि परत बगलेत मारतो. कोणी म्हणे त्यात लाच आहे, कोणी म्हणे हरवलेली फाइल, कोणी म्हणे नुसता रिकामा आहे, सरकारी. बसमध्येही तेच सुरू झालं. हिरालालचं म्हणणं होतं की बाबू दिसायला भोळा आहे, पण डब्यात लाच ठेवतो, म्हणून तर सगळ्यांपुढे हात जोडतो. बाकीचे हसले. मी तेव्हा त्याच्या मोबाईलच्या पडद्याकडे बघत होतो. तुझा बाबू डबा कानाशी धरून हलवत होता, आणि डोळे मिटून ऐकत होता. मला एकदम आपली ओसरी दिसली.

तुझ्या आईने या गल्लीत भुलाबाई मांडली तेव्हा मराठी मुली दोनच होत्या. म्हणून तू साहूंच्या, यादवांच्या, सगळ्या पोट्ट्यांना गोळा करून आणायचीस. त्यांना गाणी येत नसत, पण खिरापत ओळखायला त्या आधी धावत. आई डबा कपड्याखाली झाकून आणायची, पोरी तो हलवून बघायच्या आणि ठेठरी, खुरमी, मुरमुरा अशी नावं घ्यायच्या. ओळखल्याशिवाय डबा उघडायचा नाही, हा नियम. एका वर्षी तू खिरापत आईच्या रुमालात घट्ट गुंडाळून ठेवलीस. डबा हलवला तरी आवाजच नाही. पोरी हरल्या, तेव्हा तू मला बोलावलंस. मी डबा कानाशी धरला, डोळे मिटले, आणि वास घेऊन म्हटलं, खोबरं आणि साखर. तू रडलीस, कारण तुला मी हरायला हवा होतो. आणि मग सगळ्यात मोठी मूठ मलाच दिलीस.

म्हणजे ज्या बाबूची तू थट्टा केलीस, त्याच्याच बगलेत तू तो डबा दिलास. हिरालाल अजून लाचेवर बोलत होता. मी त्याला म्हटलं, ‘ये मेरी बिटिया ने लिखा है.’

हिरालालने एकदा मोबाईलकडे पाहिलं, एकदा माझ्या टकलाकडे, आणि हळूच विचारलं, ‘त ये बाबू तुमन हव, भैया?’

मी त्याच्याच बोलीत हो म्हटलं, ‘हव.’

त्या दिवसापासून लिफ्टपुढे सगळे मला वाट देतात आणि हात जोडून उभे राहतात. थट्टाच आहे, पण गोड आहे. परवा दोन मजल्यांच्या मध्ये लिफ्ट अडकून थरथरली, तेव्हा हिरालालने थट्टा बाजूला ठेवून खरोखरच हात जोडले. डब्यात काय आहे ते सगळे विचारतात. मी सांगितलेलं नाही.

लिफ्टचं मात्र तुला सांगतो, कारण तिथे त्या हुशार लोकांचं चुकलं आहे. बाबू यंत्राला घाबरतो, असं त्यांनी लिहिलं आहे. माझी शाळा वैनगंगेच्या पलीकडे होती. नत्थू नावाड्याची नाव. तो कोणालाही तसाच चढू देत नसे. आधी नावेच्या काठाला हात लावायचा, तो कपाळाला लावायचा, मग पाय ठेवायचा. एकदा शाळा तपासायला आलेले साहेब बूट घालून तसेच चढले, तर नत्थू वल्हं आडवं धरून बसून राहिला. म्हणाला, ‘हे तुमचं वजन घेऊन राहिली साहेब, तिले विचारा तरी.’ साहेबांनी वाकून हात लावला. तेव्हापासून जे कोणी माझं वजन घेतं त्याला मी विचारतो. भीती नाही त्यात. संगणकाचं म्हणशील तर तोही वजनच घेतो, नाहीतर एवढ्या फायली कोण उचलणार?

काल रात्रीच्या जेवणाला आईच्या तोंडून निघून गेलं की पुढच्या भागात तू बाबूची बदली करते आहेस. कुठल्या तरी लांबच्या जंगलातल्या ऑफिसात, म्हणजे तो पुन्हा दिसणारच नाही. बाबांना त्रास नको म्हणून. इरू, त्यासाठीच हे पत्र. बदली करू नकोस. त्याला राहू दे तुझ्या राजधानीत, म्हशीच्या शेजारी. फक्त एक दुरुस्ती कर, हात जोडण्याआधी त्याला लिफ्टच्या चौकटीला हात लावू दे. आणि डबा कोणी कितीही विचारलं तरी उघडू नकोस. पत्राबरोबर आपला डबा पाठवतो आहे, कोजागिरीच्या आत पोचेल. आत काहीतरी आहे, आईच्या रुमालात घट्ट गुंडाळलेलं, तू शिकवलंस तसं. झाकण न काढता हलवून बघ आणि काय आहे ते सांगायला फोन कर, संध्याकाळी, मी घरी असताना, माझ्या नंबरवर. चुकलीस तर दुसऱ्या दिवशी पुन्हा कर. मी रोज वाट बघेन. पहिल्याच फोनला ओळखू नकोस.

तुझाच,
बाबा