ओल्या चुन्यातला अंगठा

दादा,

गावाच्या उत्तर दरवाजाजवळच्या ढासळलेल्या तटात नवा दगड बसलाय आणि तो तूच बसवलास, हे आज मुकादमांनी सांगितलं. आप्पांच्या हाताखालचे गवंडी काम संपलं की ओल्या चुन्यात अंगठा उमटवायचे. हा ठसा मधोमध चिरलेला आहे. तसा अंगठा तुझ्या एकट्याचा.

"घरी नाही आला?" मुकादमांनी विचारलं.

"घाईत असेल."

"बावीस वर्षं घाईतच आहे का गं तो?" ते हसले. मला हसता आलं नाही.

मग मी सगळ्या तटाला सावकाश फेरी घातली. लहानपणी तू आतून चालायचास, मी बाहेरून, आणि प्रत्येक दरवाजात आपण भेटायचो. आजही मी प्रत्येक दरवाजात थांबून आत डोकावले. दोन ठिकाणी वाटलं, तू आत्ताच पुढे गेलास.

आप्पांच्या पायावर दगड पडला, तेव्हा त्या दगडाखालची पाचर तू काढलीस असं मीच सांगितलं होतं. ती मी काढली होती, खेळायला. त्यांनी तुला घराबाहेर काढलं, मी गप्प राहिले. ते गेले, तेव्हाही बोलले नाही.

पत्र पाठवायला तुझा पत्ता नाही. पण नवा चुना आठवडाभर ओला ठेवावा लागतो आणि पाणी मारायला तू रोज उजाडताच येतोस, असं मुकादम म्हणाले. उद्या शेवटचा दिवस. उजाडण्याआधीच मी हे पत्र घेऊन दगडापाशी येऊन उभी राहीन, बाहेरच्या बाजूला.

तुझी धाकटी