चोरओटी

मु. आगरदांडा, ता. मुरुड
दि. ६ फेब्रुवारी २०२६

चि. सौ. रुचिका,

सासूचं पत्र बघून दचकू नकोस. आधी आशीर्वाद घे, मग पुढचं वाच.

इकडे सगळं बरं आहे. तुझ्या सासऱ्यांचा खोकला गेला. वालाला शेंगा भरपूर लागल्यात. मांजरीने तुमच्याच खोलीत पिल्लं घातलीत, म्हणून तिथे झाडू फिरवलेला नाही. माणगावला थंडी कशी आहे? तुझ्या आईला नमस्कार सांग. फोन तू उचलत नाहीस, आणि उचललास तर रडतेस. तू रडलीस की माझं बोलायचं राहूनच जातं. म्हणून हे पत्र निकेतच्या हाती देते आहे.

असं इकडचं तिकडचं मला कितीही लिहिता येईल. पण जेट्टीवरचं ते काही डोळ्यांपुढून हलत नाही.

आपण दिघीला तुझ्या नणंदेकडे, किशोरीकडे निघालो होतो. फेरीबोट अजून लागायची होती. तू म्हणालीस, "मम्मी, जरा धरा मला," आणि मी हात पुढे करेपर्यंत खाली कोसळलीस. मुरुडला दवाखान्यात जाताना रिक्षात तुझं डोकं माझ्या मांडीवर होतं. खरं सांगू? घाबरले होते, तरी आत कुठेतरी मी खूश होते. पहिलटकरणीला असं व्हायचंच, अशी मनाची समजूत घालत होते.

बाईडॉक्टरांना मी ऐटीत सांगितलं, तिसरा महिना आहे. त्यांनी तुला तपासलं, बाहेर आल्या, मला बाकावर बसवलं.

"मावशी, हिच्या पोटात बाळ नाही," त्या म्हणाल्या. "आणि अन्नही नाही."

मला वाटलं, दुसऱ्याच कुणाबद्दल बोलतायत. मी त्यांना म्हटलं, अहो, नीट बघा, आम्ही ओटी भरली हिची. एवढ्या शिकलेल्या बाई, हसल्या नाहीत. माझा हात धरून बसल्या. तेव्हा कुठे मला कळलं की खरंच काहीतरी झालंय.

मग तू सलाईन लावलेल्या हाताने डोळे झाकलेस आणि सगळं सांगितलंस. वजन उतरवायचं इंजेक्शन. पार्लरमधल्या मैत्रिणीकडून आणलेलं, डॉक्टरला न विचारता. मोबाईलवर बघून मापही वाढवलेलं. त्या सुईचं फ्रिजमधलं निळं पेन मी बघितलं होतं गं. फ्रिजात पेन कशाला म्हणून उचलून निकेतच्या टेबलावर ठेवलं, तू गुपचूप परत जागेवर नेलंस. बोंबील तळायला घेतले की तू मागच्या दारी पळायचीस, सकाळी उलट्या, चहा सुटलेला, पाळी चुकलेली. सुईमुळे अन्न जाईना आणि मी म्हणत होते, सुनेला डोहाळे लागले. डोळे असून आंधळी.

पनवेलच्या डॉक्टरांनी पीसीओडी सांगितलं होतं, आधी वजन थोडं उतरवा, मग बाळाचं बघू, असं म्हणाले होते. पुढचा आडरस्ता तू धरलास. घरात घाई कुणाला होती, ते मी इथे लिहीत नाही. तुला ठाऊक आहे, मलाही.

पण रुचिका, मला हादरा बसला तो त्या सुईचा नाही. चोरओटी भरायला मी तुला पाटावर बसवलं तेव्हा तुला माहीत होतं. हिरवा खण, तांदूळ, नारळ मी तुझ्या पदरात घातले, तोंडावरून हात फिरवला, आणि तू मान खाली घालून सगळं घेतलंस. मला वाटलं, लाजली. पोटात काही नसताना ओटी घेणं सोपं, पण सासूला "नाही हो" म्हणणं अवघड? इतकी भीती वाटते माझी? रोज बरोबर जेवायला बसतो आपण. माझा समज होता की लेकीसारखी तू माझ्याशी बोलतेस. बोलत मीच होते.

चोरओटी चोरून भरायची असते. मी फक्त शेजारच्या केसरला सांगितलं. केसरला सांगितलं म्हणजे फेरीबोटीच्या भोंग्याला सांगितलं. म्हणून परवा नळावर बायकांपुढे मीच तोंड उघडलं. म्हटलं, बाळबीळ काही नव्हतं, चूक माझी, सून माझी आजारी आहे. केसर म्हणाली, "आता गं बया, मंग नातू कदी व्हायचा? सूनबाय येनार हाय का न्हाय?"

मी म्हटलं, "आदी सून."

तुझी जखम चघळायला आणखी काही त्यांच्याकडे ठेवलं नाही.

काल मी एकटी परत त्या डॉक्टरबाईंकडे गेले. औषध वाईट नाही म्हणाल्या, काहींना चांगलं लागू पडतं, पण डॉक्टरच्या नजरेखाली, थोड्या मापाने. भूक मेली तरी खायचं सोडायचं नाही, नाहीतर चरबीबरोबर अंगातलं मांसही झडतं, केस जातात, हाडं कुरकुरतात. रक्त तपासायचं. पाणी पीत राहायचं. थोडं वजन उचलायचं, म्हणजे हातपाय धरून राहतात. सोबत गावठी अंडी आणि कुळथाचं पीठ पाठवलं आहे. पिठी पातळ कर, तुला वास येणार नाही.

आता सासूने लिहू नये ते लिहिते. ही सुई चालू असेल तोवर दिवस जाता कामा नयेत, आणि सोडल्यावरही बाई सांगतील तितके महिने थांबायचं. नुसत्या गोळीवर भरवसा ठेवू नको, या सुईपुढे ती कमी पडू शकते म्हणे, त्यांना विचारून काळजी घे. निकेतलाही मी हे तोंडावर सांगितलं. त्याचे कान लाल झाले, होऊ देत. पाळणा मी मागितला होता. आता मीच म्हणते, नको घाई. बाईंनी पुढल्या गुरुवारी बोलावलंय. तू येशील तर मी बाहेर बाकावर बसेन. आत तुझं तू बोल.

पत्राला उत्तर नको लिहूस. दोन घास पोटात गेले की मिस्ड कॉल दे. मी उचलणार नाही, काही विचारणार नाही. नुसती रिंग ऐकेन आणि मग मीही जेवायला बसेन.

वाट बघणारी,
सत्यवती